बटण आपल्या बोटाखाली असतं तेव्हा

पालकहो, आज एका व्हिडिओ गेमबद्दल तुमच्याशी बोलायचं आहे. मुलांनी गेम किती खेळावेत, मोबाइल कधी काढून घ्यावा, हे विषय आपण एकमेकांशी पुष्कळ बोलतो. आज मात्र मला एकाच खेळाबद्दल सांगायचं आहे. तो मी स्वतः शेवटापर्यंत खेळले आहे, आणि मुलाच्या शेजारी बसून खेळले आहे.

खेळाचं नाव 'शॅडो ऑफ द कोलोसस'. तो २००५ साली प्लेस्टेशन २ वर आला. माझा धाकटा भाऊ तेव्हा कॉलेजात होता आणि जेवताना, गाडीवर, गच्चीत, जिथे मिळेल तिथे या खेळाबद्दल बोलत असे. मी ऐकायचे. पुढे २०११ साली हा खेळ आणि त्याच चमूचा आधीचा 'इको' असे दोन्ही एका डिस्कवर, अधिक स्पष्ट चित्रांसह, प्लेस्टेशन ३ साठी निघाले. भावानं ती डिस्क घेतली. मग लग्न, नोकरी, बंगळुरू. आणि त्याचं सामान खोक्यांत भरून आमच्या माळ्यावर आलं. यंदा उन्हाळ्याच्या सुट्टीत माझ्या मुलानं मामाचं ते खोकं खाली काढलं. मुलगा आता आठवी संपवून नववीत गेला आहे. 'मामाला फोन लावून सगळ्या वायरी कशा जोडायच्या ते विचारतो,' म्हणाला, आणि संध्याकाळपर्यंत टीव्हीवर एक तरुण घोडेस्वार दिसू लागला.

त्या घोडेस्वाराच्या पुढ्यात कापडात गुंडाळलेलं एका मुलीचं शव आहे. त्याचं नाव वाँडर, तिचं मोनो, घोड्याचं अ‍ॅग्रो. मोनोच्या नशिबात काही अशुभ आहे असं मानून तिच्या माणसांनीच तिचा बळी दिला आहे. वाँडर एक प्राचीन तलवार चोरून, एक लांबच लांब पूल ओलांडून, जिथे पाऊल टाकायला मनाई आहे अशा प्रदेशात येतो आणि तिथल्या ओसाड मंदिरात तिला ठेवतो. त्या मंदिरात फक्त एक आवाज राहतो, डॉर्मिनचा. मेलेलं माणूस परत येत नसतं, असं तो आवाज आधीच सांगतो. पण या प्रदेशातले सोळा महाकाय मारलेस तर कदाचित जमेल. त्याची किंमत मात्र फार जड असेल. वाँडरला किंमत विचारावीशीही वाटत नाही.

इथे मुलानं माझ्याकडे पाहिलं. 'आई, हा विचारत का नाही?' मी म्हटलं, 'पुढे बघू.' खरं तर त्या प्रश्नावरच पुढचे दोन आठवडे आमचं बोलणं चालू राहणार होतं.

या खेळाची रचना ज्यांनी केली ते फुमितो उएदा मूळचे चित्रकलेचे विद्यार्थी, ओसाकाच्या कला विद्यापीठातले. त्यांची रीत काढून टाकण्याची. एखादी गोष्ट कथेला नको असेल तर ती खेळातून वजा करायची. सुरुवातीला अठ्ठेचाळीस महाकाय करायचे ठरले होते. ते चोवीसवर आले आणि शेवटी सोळाच उरले. इतर साहसी खेळांत वाटेवर किरकोळ शत्रूंची रांग असते. दर दहा पावलांवर कुणीतरी अंगावर येतं, आपण ते मारतो आणि विसरतो. इथे तसं कुणीच नाही. गाव नाही, दुकान नाही, वाटाड्या नाही. गवताळ माळ, कडे, तळी, पडकी दगडी बांधकामं, झाडांवरची फळं, शेपटी पांढरी असलेले सरडे, वर घिरट्या घालणारा एखादा पक्षी. भटकताना संगीतही जवळजवळ नसतं. घोड्याच्या टापा आणि वारा, एवढंच ऐकू येतं. तलवार उन्हात उंच धरली की तिच्यातून किरण निघतात. ज्या दिशेला ते एकवटतात त्या दिशेला पुढचा महाकाय.

मुलाला पहिल्या दिवशी हे रिकामपण खुपलं. 'काहीच होत नाहीये.' दुसऱ्या दिवशी तो मुद्दाम वाट सोडून हिंडत होता, एका धबधब्यापाशी घोडा उभा करून नुसता बघत होता. मला हे फार मोलाचं वाटलं. त्याच्या हातातल्या इतर खेळांत असं उभं राहायला कुणी वेळ देत नाही.

पहिला महाकाय आला तेव्हा आमच्या घरात खरोखर शांतता झाली. इमारतीएवढा उंच, अंगावर लव आणि दगडी चिरे दोन्ही, चालला की कंट्रोलर हातात थरथरतो. तो आपल्या वाटेनं चाललेला असतो. आपण त्याच्या पायापाशी जातो. त्याच्या पोटरीवर चढायचं, तिथे एक जागा उजळते, तिथे तलवार खुपसायची. तो गुडघ्यावर येतो. मग पाठीवरच्या लवेला धरून वर, आणखी वर, डोक्यापर्यंत. धरून राहायचं म्हणजे कंट्रोलरच्या वरच्या कडेचं एक बटण दाबून ठेवायचं. बोट उचललं की हात सुटतो. पडद्याच्या कोपऱ्यात एक वर्तुळ आक्रसत जातं, ती वाँडरची ताकद. महाकाय अंग झटकतो, वाँडर चिंधीसारखा हेलकावतो, आणि आपलं बोट खरोखर दुखायला लागतं. मी तेव्हा कंट्रोलर मुलाला द्यायला निघाले होते. तो म्हणाला, 'नको, सोडू नकोस, तूच कर.'

डोक्यावरच्या खुणेत तलवार शेवटची घुसली आणि तो कोसळला. जिंकल्यावर वाजायला हवं असं संगीत तिथे वाजत नाही. को ओतानी यांनी त्या क्षणासाठी शोकाची धून रचली आहे. त्या एवढ्या मोठ्या देहातून काळे धागे बाहेर पडतात आणि येऊन वाँडरच्या शरीरात घुसतात. तो शुद्ध हरपतो. जागा होतो तो पुन्हा मंदिरात, जिथे त्या महाकायाची मूर्ती फुटलेली असते.

मला जे दिसलं नाही ते मुलाला दिसत गेलं. दोन-चार महाकाय झाल्यावर तो म्हणाला, 'आई, मोनोजवळ बघ, पांढरी कबुतरं वाढतायत.' खरंच होतं. प्रत्येक महाकायामागे एक. मग त्याला उलटी बाजू दिसली. बेशुद्ध वाँडरभोवती काळ्या सावल्या उभ्या असतात, त्याही वाढत होत्या. आणि खूप पुढे, एका संध्याकाळी, खेळ थांबवून त्यानं मला टीव्हीजवळ बोलावलं. 'याचा चेहरा बघ. हा आधी असा नव्हता.' वाँडरची कातडी फिकट पडली होती, अंगावर मळ आणि काळपट रेषा होत्या. खेळानं याबद्दल एक शब्द सांगितलेला नसतो. माझा मुलगा परीक्षेच्या उताऱ्यात दोन ओळींचा अर्थ सांगताना कंटाळतो. इथे तो कुणी न सांगता चेहरा वाचत होता.

तेराव्या महाकायाबद्दल जरा सविस्तर सांगू द्या. तो वाळवंटात राहतो. वाळूतून वर येतो आणि आकाशात उडतो, इतका लांब की तो पूर्ण नजरेत मावायला मान फिरवावी लागते. त्याच्या पोटाखाली हवेच्या पिशव्या असतात, त्या बाणांनी फोडायच्या. मग तो खाली झुकतो, त्याचे पंख वाळूला लागतात, आणि आपण घोडा भरधाव त्याच्या बाजूनं पळवत नेमक्या क्षणी पंखावर उडी मारायची. खेळणाऱ्याच्या दृष्टीनं याहून थरारक काही नाही. पण तो महाकाय आपल्यावर हल्लाच करत नाही. एकदाही नाही. आपण त्याला भोकं पाडतो, तो खाली येतो, आपण त्याच्या पाठीवर धावतो, आणि त्याला फक्त उडत राहायचं असतं.

तो पडला तेव्हा मुलानं कंट्रोलर सतरंजीवर ठेवला. 'यानं आपल्याला काहीच केलं नव्हतं.'

'नव्हतं.'

'मग न मारता पुढे जाता येतं का?'

'नाही. हवं तर खेळ बंद करता येतो.'

तो थोडा वेळ विचार करत बसला. मग म्हणाला, 'पण बंद केला तर मोनो तशीच राहील.' आणि मग, माझ्याकडे न बघता, 'आपण तिला ओळखतपण नाही.'

पालकहो, मला जे सांगायचं आहे ते इथे आहे. गोष्ट वाचताना किंवा सिनेमा बघताना नायक चुकला तर आपण त्याला चुकलास म्हणतो, तो दूर असतो. खेळात बटण आपल्या बोटाखाली असतं. ते दाबणारे आपण असतो, आणि दाबलेलं आपल्यालाच आठवतं. चांगलं-वाईट याबद्दल मी माझ्या मुलाशी पुष्कळदा बोलले आहे, तुम्हीही बोलला असाल. त्या बोलण्यात बहुतेक वेळ बोलणारी मी असते आणि ऐकणारा तो. या खेळानं आम्हा दोघांना एका बाजूला बसवलं. दोघांच्याही हातून ते घडलेलं होतं.

'हे किती भयाण आहे, मुलांना कशाला दाखवायचं,' असं माझ्या एका मैत्रिणीनं विचारलं. तिची काळजी मी हलकी मानत नाही. पण आपण सगळी 'चांदोबा' वाचून वाढलो. त्यात राजा विक्रम दर महिन्याला स्मशानातल्या झाडावरून प्रेत उतरवून खांद्यावर टाकायचा, प्रेतातला वेताळ त्याला गोष्ट सांगायचा आणि शेवटी विचारायचा की यात दोष कुणाचा. उत्तर ठाऊक असून गप्प राहिलास तर डोक्याची शकलं होतील, अशी धमकीही असायची. प्रेताची भीती आज मला आठवत नाही. प्रश्न मात्र काही अजून आठवतात. हा खेळ वेताळासारखं तोंडानं विचारत नाही, पण प्रश्न त्याच जातीचा टाकतो.

वयाचं म्हणाल तर युरोपात या खेळावर १२ वर्षांपुढचा शिक्का आहे आणि अमेरिकेत १३ वर्षांपुढचा. माझ्या मते तेच बरोबर आहे. तलवार लागली की काळं रक्त उडतं आणि उदासपणा शेवटपर्यंत सुटत नाही. धाकट्या भावंडांना शेजारी बसवू नका.

आम्ही अजून खेळत होतो तोवर वटपौर्णिमा आली. माझ्या सासूबाई दरवर्षी पूजा करतात आणि नंतर, कुणी ऐकायला असो नसो, सावित्रीची कथा म्हणतात. यंदा मुलगा जवळ जाऊन बसला. कथा संपल्यावर त्यानं विचारलं, 'आजी, सत्यवानाला परत आणायला सावित्रीनं यमाला काय दिलं?'

'काही नाही दिलं,' सासूबाई म्हणाल्या. 'त्याच्या मागनं चालत राहिली आणि बोलत राहिली. असं शहाणपणाचं बोलली की त्यालाच वर द्यावे लागले. सासऱ्याची दृष्टी, त्याचं राज्य, वडिलांना पुत्र, मग स्वतःला पुत्र. तो वर दिला आणि मग यमाच्या लक्षात आलं, नवरा परत केल्याशिवाय हे व्हायचं कसं?'

'म्हणजे कुणालाच मारलं नाही?'

'अरे, कुणाला मारायचं त्यात?'

मग त्यानं आजीला वाँडरची सगळी गोष्ट सांगितली. पूल, तलवार, आवाज, सोळा महाकाय, कबुतरं, सावल्या. सासूबाईंनी पदरात हात गुंडाळून सगळं ऐकलं. शेवटी त्यांनी एकच विचारलं, 'त्या मुलीला कुणी विचारलं का रे, तिला असं परत यायचंय का म्हणून?' मुलाजवळ उत्तर नव्हतं. माझ्याजवळही नव्हतं. खेळाच्या डिस्कबरोबर आलेलं पुस्तक वाचून हा प्रश्न सुचला नसता, आणि कंट्रोलर कधी हातात न धरलेल्या बाईनं तो विचारला. आपल्या घरांत अशी माणसं आहेत. मुलं जे खेळतात त्याची गोष्ट त्यांच्या कानावर जाऊ द्या.

सगळेच खेळ असे नाहीत, हे मलाही दिसतं. ज्यांना शेवट नाही असे खेळ मुलांच्या फोनवर जास्त आहेत. रोज हजेरी लावली तर बक्षीस, चुकली तर हातचं जातं. थोडे पैसे भरले तर नवा अंगरखा, नवं शस्त्र. त्यांची आखणीच मूल उठू नये अशी असते. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, तो योग्यच झाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत गेमिंगचा विकारही आहे. ती यादी २०२२ पासून लागू झाली. खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळ्याहून खेळ मोठा होणं, नुकसान दिसूनही न थांबणं, आणि हे सहसा वर्षभर टिकणं, ही त्याची लक्षणं. कुणाच्या घरी असं असेल तर तिथे डॉक्टरांचा सल्ला हवा. माझ्या या गोष्टीचा तिथे उपयोग नाही. पण सुट्टीत दोन तास खेळणाऱ्या निरोगी मुलालाही आपण त्याच तराजूत घालतो, आणि मग त्यानं काय पाहिलं, त्याला काय वाटलं, हे ऐकायची वेळच येत नाही.

'शॅडो ऑफ द कोलोसस' सात-आठ तासांत संपतो. माझ्यासारखीला अर्थातच त्याहून जास्त लागतात. प्रत्येक महाकायानंतर खेळ जतन करता येतो. वाटेवर लहान देवळ्यांसारख्या जागाही आहेत, तिथे वाँडर गुडघे टेकतो आणि आपण थांबू शकतो. त्यामुळे आमच्या घरी एका बैठकीला एक महाकाय असा नेम सहज झाला. घड्याळ लावावं लागलं नाही, कारण ती संध्याकाळ तिथे पुरी व्हायची. कंट्रोलर आळीपाळीनं घ्यायचा. माझ्या हातात असताना मुलानं वाट सांगायची, त्याच्या हातात असताना मी गप्प बसायचं. हे दुसरं मला जड गेलं आणि तरी मी पाळलं. त्याला कुठे अडायचं तिथे अडू दिलं. एकदा अ‍ॅग्रोनं ऐकलं नाही म्हणून तो चिडला. अ‍ॅग्रो कड्याच्या टोकाशी आपणहून वळतो, कधी लगाम ओढूनही थांबतो. उएदांनी तो मुद्दाम तसा केला आहे, खरा घोडा काही प्रत्येक हाक ऐकत नाही म्हणून. मामानं फोनवर ते सांगितलं तेव्हा मुलगा म्हणाला, 'म्हणजे त्याला स्वतःचं डोकं आहे.' त्यानंतर तो महाकायाकडे निघण्याआधी घोड्याच्या मानेवरून वाँडरचा हात फिरवायचा. खेळात त्याचा काही फायदा होत नाही.

सोळाव्या महाकायाकडे जाताना वाटेत एका पुलावर काय होतं ते मी लिहीत नाही. तुम्ही मुलांबरोबर खेळलात तर ते तुमच्यासमोरच होऊ दे. माझा मुलगा उठून गॅलरीत गेला आणि बराच वेळ आला नाही. मी त्याच्यामागे गेले नाही. स्वयंपाकघरात जाऊन कणीक मळायला घेतली. जेवताना त्यानं मामाला फोन लावला आणि एवढंच विचारलं, 'तू पण रडला होतास का?' मामा म्हणाला, 'हो.' त्या दोघांचं त्यापुढे जे बोलणं झालं ते त्यांचं आहे. आपल्या मुली आणि बायको गमावलेला माणूस हा खेळ खेळत बसतो, असं २००७ च्या एका अमेरिकन चित्रपटात दाखवलं आहे, तेही भावानंच मला मागे सांगितलं होतं. शेवट झाला तेव्हा ते का, हे मला कळलं.

शेवटही सांगत नाही. एवढंच सांगते, की डॉर्मिननं जी किंमत सांगितली होती ती वसूल होते, आणि पहिल्या दिवशी मुलानं विचारलेला प्रश्न, 'हा विचारत का नाही,' त्यानं स्वतःच परत काढला. त्याचं आजचं उत्तर असं: विचारलं असतं तर त्याला थांबावं लागलं असतं. माझं मत वेगळं आहे, आणि आमचा वाद मिटलेला नाही.

आता त्याच डिस्कवरचा 'इको' सुरू केला आहे. तो २००१ चा. डोक्याला शिंगं आहेत म्हणून गावानं एका किल्ल्यात दगडी पेटीत बंद केलेला मुलगा, आणि तिथे पिंजऱ्यात अडकलेली योर्डा. दोघांना एकमेकांची भाषा येत नाही, म्हणून तो तिचा हात धरून चालतो. हात धरायचं बटण तेच, ज्यानं वाँडर महाकायांना धरून राहायचा. 'इको' एकदा पुरा केला की दुसऱ्या फेरीत तो दोघांना मिळून खेळता येतो, एकानं मुलाला चालवायचं आणि दुसऱ्यानं योर्डाला. त्याला दुसरा कंट्रोलर लागतो. मामाच्या खोक्यात एकच निघाला, तेव्हा जुन्या वस्तूंच्या दुकानात विचारून ठेवलं आहे.